बिटर बोचरी का लागते: दोष पाण्याचा की गॅसचा?

घरी केलेली इंग्लिश बिटर (हॉप्सच्या कडवटपणाची एल बिअर) तीन आठवड्यांनी उघडली. रंग छान आला आहे, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) वासही आहे. पण पहिल्याच घोटाला जिभेच्या मागे तुरट, बोचरा कडवटपणा चिकटून राहतो. पबमध्ये हातपंपावरून ओढलेल्या पाइंटचा मऊपणा कुठेच नाही. पुढच्या खेपेला हॉप्स कमी केले, तरी तेच. कुणाच्या तरी सल्ल्याने पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) वाढवलं, तर आणखीच बिघडली.

लंडन, केंट, एसेक्स, हर्टफर्डशायर या जड पाण्याच्या पट्ट्यात बिअर करणाऱ्या मराठी मंडळींकडून ही तक्रार मी सतत ऐकतो, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे. हा बोचरेपणा दोन वेगळ्या कारणांनी येतो आणि जिभेला ती दोन्ही जवळपास सारखीच लागतात. एक कारण म्हणजे पाण्यातली न काढलेली अल्कलिनिटी (आम्लता मारण्याची ताकद), दुसरं म्हणजे बाटलीतला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड. दोष कोणता हे न तपासता उपाय केला की दर खेपेला बिअर थोडी वेगळी बिघडते, आणि आपण रेसिपीला दोष देत राहतो.

(युनायटेड किंग्डममध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर परवान्याशिवाय करता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात विनापरवाना बिअर गाळणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे बसून वाचत असाल तर हे माहितीपुरतंच ठेवा.)

आधी दोन ग्लासांची चाचणी

एकाच बाटलीतली बिअर दोन ग्लासांत घ्या. पहिला ग्लास तसाच ठेवा. दुसऱ्यातली बिअर तिसऱ्या रिकाम्या ग्लासात ओता, परत आधीच्या ग्लासात ओता, असं फेस येणं जवळजवळ थांबेपर्यंत करत राहा. मग दोन्ही ग्लास १२ ते १३ अंश सेल्सियसला येऊ द्या आणि चव घ्या. तापमान महत्त्वाचं आहे. फ्रिजमधून ४ अंशांवर काढलेली बिटर पातळ आणि कडू लागतेच, कारण थंडीत माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा आणि यीस्टचा फळांसारखा वास दबतो.

गॅस काढलेली बिअर मऊ, गोलसर लागली आणि पहिली बोचरी, तर तुमच्या पाण्याच्या मागे लागू नका. बाटलीत गॅस यावा म्हणून घातलेली साखर जास्त पडली आहे. गॅस काढूनही तुरटपणा तसाच राहिला, तर दोष मॅशमध्ये (माल्ट गरम पाण्यात भिजवताना) किंवा स्पार्जमध्ये (तेच धान्य वरून पाणी ओतून धुताना), म्हणजे पाण्यात आहे. गॅस काढल्यावर निम्माच सुधार झाला तर दोन्ही दोष आहेत, आणि लंडनमध्ये बहुतेकदा हेच निघतं. घरी पीएच मीटर असेल तर गॅस काढलेल्या बिअरचा पीएच मोजा. इंग्लिश एल साधारण ४.० ते ४.३ वर स्थिरावते. ४.४ च्या वर आकडा आला तर अल्कलिनिटीचा संशय पक्का धरायला हरकत नाही.

याहून सोपी सवय म्हणजे बाटल्या भरायच्या दिवशी, साखर घालण्याआधी, सपाट बिअरचा एक घोट घेणं. त्या दिवशी चांगली होती आणि तीन आठवड्यांनी बोचरी झाली, तर मधे फक्त गॅस आला आहे.

पाणी: जडपणा वेगळा, अल्कलिनिटी वेगळी

पाणी कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड घातला की ठळक अक्षरात दिसतो तो पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. बिअरसाठी कॅल्शियम मित्र आहे. त्रास देतं ते त्याच्यासोबत येणारं बायकार्बोनेट, आणि अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः तेच. लंडनच्या नळाला कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० ते २५० मिलिग्रॅम अल्कलिनिटी सहज असते. अहवालात आकडा बायकार्बोनेट म्हणून दिला असेल तर त्याला ०.८२ ने गुणा, म्हणजे तो या हिशेबात येईल.

वार्षिक अहवालातल्या सरासरीवर मात्र विसंबू नका. कंपन्या नदीचं आणि बोअरचं पाणी ऋतूप्रमाणे मिसळतात. बिअर करायच्या दिवशी स्वतः मोजलेलाच आकडा खरा. यासाठी ब्रिटनमधले होमब्रूअर सागरी मत्स्यालयाचा सॅलिफर्ट अल्कलिनिटी किट वापरतात. तो स्वस्त आहे आणि त्यात थेंब मोजून रंग बदलण्याची वाट पाहायची असते. किटचं उत्तर जर्मन अंशांत येतं, त्याला १७.९ ने गुणलं की लिटरला मिलिग्रॅम मिळतात. पोहण्याच्या तलावासाठीच्या कागदी पट्ट्या या कामाला फारच ढोबळ आहेत.

आता बायकार्बोनेट करतं काय? मारिस ऑटरसारखं फिकट माल्ट क्षारविरहित पाण्यात मॅश केलं तर पीएच ५.७ च्या जवळपास येतो. आपल्याला गार करून मोजलेल्या नमुन्यात ५.२ ते ५.५ हवा असतो. लंडनचं पाणी न सुधारता वापरलं की तो ५.९ ते ६ कडे सरकतो. मग स्पार्जच्या शेवटी, धान्यातली साखर संपत आल्यावर, तेच अल्कलाइन पाणी ओतत राहिलं की पीएच ६ च्या वर जातो आणि धान्याच्या सालातलं टॅनिन सुटू लागतं. चहा पातेल्यात फार वेळ उकळला की जिभेवर जो कोरडा तुरटपणा बसतो, तोच हा. चढ्या पीएचमुळे उकळीत हॉप्सचा कडवटपणाही खरखरीत उतरतो, वर्टचा (माल्टमधून उतरलेल्या गोड रसाचा) रंग गडद होतो आणि बिअर नीट निवळत नाही.

जिप्समने हे का सुटत नाही

या एका गैरसमजाने जितक्या बिटर बिघडतात तितक्या दुसऱ्या कशानेही बिघडत नसतील. ‘बर्टनचं पाणी जिप्समयुक्त होतं, म्हणून जिप्सम घाला’ ही अर्धी गोष्ट आहे.

बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरसाठी नावाजलेल्या इंग्लिश गावातल्या विहिरींच्या पाण्यात सल्फेट लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या पुढे आणि कॅल्शियम २५० च्या वर असे. तिथे बायकार्बोनेटही भरपूर होतं. पण मॅशमध्ये कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जोडी जमवून खाली बसतं आणि आम्लता सोडतं, म्हणून तिथलं बायकार्बोनेट निष्प्रभ होत असे. १८२० च्या दशकात ऑल्सॉप आणि पाठोपाठ बास या बर्टनच्या ब्रुअरींनी मुंबई, कोलकाता, मद्रासला जाणारा पेल एलचा धंदा लंडनच्या हॉजसनकडून खेचून घेतला, त्यात या पाण्याचा वाटा मोठा होता. आणि लंडन पोर्टरसाठी नावाजलं गेलं तेही पाण्यामुळेच: गडद माल्टची आम्लता लंडनच्या अल्कलिनिटीला पुरून उरते.

जर्मन शास्त्रज्ञ पाउल कोल्बाख यांनी या देवघेवीचा हिशेब मांडला: एक भाग अल्कलिनिटी मारायला साडेतीन भाग कॅल्शियमचा जडपणा लागतो. आता आपलं गणित करू. अल्कलिनिटी २२० आहे आणि ४० वर आणायची आहे, म्हणजे १८० मारायची. त्याला ६३० जडपणा हवा, म्हणजे लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम जादा कॅल्शियम. जिप्सममध्ये वजनाच्या २३ टक्के कॅल्शियम असतं, तेव्हा लिटरला जवळजवळ १.१ ग्रॅम जिप्सम लागेल. ३० लिटर पाण्याला ३२ ग्रॅम! त्यातून सल्फेट ६०० ने वाढेल, म्हणजे आपण बर्टनला पोचलो.

प्रत्यक्षात आपण काय करतो? २५ लिटरला एक चमचा, साधारण ५ ग्रॅम. त्यातून कॅल्शियम वाढतं ४७ आणि अल्कलिनिटी मरते जेमतेम ३३. सल्फेट मात्र ११० ने वाढतं. सल्फेट हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि टोकदार करतं. म्हणजे खरखरीत कडवटपणा तसाच ठेवून आपण त्याला धार लावली.

उपाय: आधी अल्कलिनिटी, मग क्षार

ब्रिटनमध्ये सर्वांत सुटसुटीत मार्ग सीआरएस हा आहे. काही दुकानांत तो एएमएस नावानेही मिळतो. हे हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं पातळ केलेलं मिश्रण आहे. लिटरला १ मिलिलिटर घातलं की अल्कलिनिटी सुमारे १८० ने उतरते. वरच्या उदाहरणात ३० लिटरला ३० मिलिलिटर. सोबत लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम क्लोराइड आणि ९० सल्फेट मिळतं, जे बिटरला हवंच असतं. हातमोजे आणि चष्मा घालून, आम्ल पाण्यात घालायचं. गार पाण्यातच घालून जोरात ढवळायचं, म्हणजे सुटलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. दहा मिनिटांनी पुन्हा किटने मोजायचं. हे मॅशचं आणि स्पार्जचं, दोन्ही पाणी एकत्र करून करा. मॅशचं पाणी सुधारून स्पार्जला थेट नळाचं पाणी वापरणारे बरेच असतात, आणि टॅनिन तर स्पार्जमध्येच सुटतं.

आम्ल हाताळायचं नसेल तर पाणी आदल्या रात्री अर्धा तास उकळा आणि झाकून ठेवा. किटलीत जमतो तोच पांढरा थर तळाशी बसेल. वरचं पाणी हलकेच काढून घ्या. यात अल्कलिनिटी ५० च्या आसपास येते, पण कॅल्शियमही जातं, ते परत द्यावं लागतं. तिसरा मार्ग म्हणजे सुपरमार्केटमधलं कमी क्षारांचं बाटलीबंद पाणी नळाच्या पाण्यात मिसळणं. लेबलवर बायकार्बोनेट वाचूनच घ्या, कारण काही ब्रिटिश झऱ्यांचं पाणी नळापेक्षाही जड असतं.

अल्कलिनिटी ३० ते ५० वर आली की मगच जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड. मी बिटरसाठी कॅल्शियम १०० ते १५०, सल्फेट २०० ते २५० आणि क्लोराइड १०० च्या आसपास ठेवतो. लिटरला १ ग्रॅम जिप्सममधून सल्फेट साधारण ५६० मिलिग्रॅम मिळतं; १ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइडच्या पापड्यांतून कॅल्शियम २७०, क्लोराइड ४८०. बर्टनची हुबेहूब नक्कल करायला जाऊ नका. १.०३८ ग्रॅव्हिटीच्या (आंबण्याआधीच्या रसाची घनता) साध्या बिटरला ६०० सल्फेट पेलवत नाही. माइल्ड (कमी कडवट इंग्लिश एल) करत असाल तर प्रमाण उलटं करा, क्लोराइड वर आणि सल्फेट खाली.

तुरटपणासोबत औषधी, जखमेच्या पट्टीसारखा वास असेल तर तो वेगळाच दोष आहे: नळातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन. क्लोरामाइन उकळून सहज जात नाही. २५ ते ३० लिटरला अर्धी कॅम्पडेन गोळी (मेटाबायसल्फाइटची) चुरडून घाला, दोन मिनिटांत काम होतं. हे दर वेळी करा.

गॅस: साखरेचा हिशेब

आता ज्यांच्या चाचणीत गॅस दोषी ठरला त्यांच्यासाठी. जड पाण्यामुळे बिअर जास्त फसफसते असं काही जण म्हणतात, त्यात तथ्य नाही. ४ पीएचच्या बिअरमध्ये बायकार्बोनेट उरतच नाही. बाटलीतला गॅस येतो तो फक्त आंबण्यातून.

गॅस व्हॉल्यूममध्ये मोजतात: एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळला तर एक व्हॉल्यूम. पबच्या तळघरात १२ अंशांवर ठेवलेल्या कास्क एलमध्ये (पिंपातच शेवटचं आंबणाऱ्या बिअरमध्ये) १.१ ते १.२ व्हॉल्यूम असतो. कारखान्यातल्या बाटलीबंद लागरमध्ये २.५ च्या आसपास. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच आम्ल आहे, तो जिभेला टोचतो आणि सल्फेटचा कोरडेपणा दुप्पट भासवतो. म्हणून बर्टनच्या धर्तीची बिटर लागरइतका गॅस देऊन प्यायलात तर पाणी कितीही नेमकं असलं तरी ती कर्कशच लागणार. ब्रिटिश एलच्या बाटलीला १.८ ते २.० पुरे.

बिअर आंबून झाल्यावर तिच्यात काही गॅस आधीच असतो: २० अंशांवर सुमारे ०.८५ व्हॉल्यूम. पुढचा प्रत्येक व्हॉल्यूम मिळवायला लिटरला जवळजवळ ४ ग्रॅम साधी साखर लागते. १.९ हवा असेल तर फरक १.०५, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम. २२ लिटरला ९० ग्रॅम. डेक्स्ट्रोज वापरत असाल तर दहा टक्के जास्त घ्या.

आता तयार बिअर किटच्या डब्यावरची सूचना बघा. ५०० मिलिलिटरच्या बाटलीला एक चमचा, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, लिटरला ८. एकूण गॅस २.९ व्हॉल्यूम! बोचरेपणाचं कोडं अनेकदा इथेच सुटतं. शिवाय चमच्याने कुठे शीग येते, कुठे सपाट, आणि दोन बाटल्यांत मेळ राहत नाही. सगळी साखर तोलून थोड्या पाण्यात उकळा, भरायच्या भांड्याच्या तळाशी ओता आणि तिच्यावर बिअर सायफनने हळू सोडा.

बिअर निवळण्यासाठी भरण्याआधी ५ अंशांवर नेली असेल तर कॅल्क्युलेटरमध्ये ५ टाकू नका. गॅस ठरतो तो आंबणं संपल्यावर बिअर ज्या सर्वांत उबदार तापमानाला पोचली त्यावर. एकदा निघून गेलेला वायू नंतर थंड केल्याने परत येत नाही. ५ टाकलं की कॅल्क्युलेटर आधीचा गॅस १.४ धरतं, साखर कमी सांगतं आणि बिअर सपाट राहते. ‘माझ्या बिटरला गॅसच येत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हे असतं, किंवा बाटल्या थेट थंड गॅरेजमध्ये ठेवलेल्या असतात. दोन आठवडे १८ ते २० अंशांत, मग पुढे १२ वर.

साखर बरोबर तोलूनही फेस उसळत असेल तर तीन शक्यता. पहिली, बिअर पूर्ण आंबायच्या आत भरली. हायड्रोमीटरवर तीन दिवस तोच आकडा दिसायला हवा, १.०१४ वर थांबलेली बिअर बाटलीत १.०१० पर्यंत उतरली तर तेवढ्यानेच दोन व्हॉल्यूम जादा येतात. दुसरी, जंतुसंसर्ग: पहिल्या महिन्यात बरी आणि नंतर प्रत्येक बाटली आधीपेक्षा उसळती, शिवाय चव पातळ आणि आंबूस. नळ्या आणि बाटलीभरणीचा नळ बदला, नुसतं धुऊन भागत नाही.

तिसऱ्या शक्यतेत पाणी पुन्हा येतं. मँचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टमधून येणारं पाणी, किंवा वेल्स आणि स्कॉटलंडच्या बऱ्याच भागांतलं पाणी मृदू असतं. कॅल्शियम लिटरला १०–२० मिलिग्रॅमच. आरओचं पाणी वापरणाऱ्यांचीही हीच स्थिती. माल्टमध्ये ऑक्झॅलेट असतं. मॅशमध्ये पुरेसं कॅल्शियम असेल तर ते तिथेच कॅल्शियम ऑक्झॅलेट होऊन गाळात जातं. नसेल तर त्याचे बारीक स्फटिक नंतर बाटलीत तयार होतात, आणि झाकण उघडताच सगळा गॅस त्या स्फटिकांवर एकदम बुडबुडे धरतो. गॅस मोजून १.९ च असतो, तरी अर्धी बाटली टेबलावर. चव स्वच्छ असूनही उसळणाऱ्या बिअरला जंतुसंसर्ग समजून लोक सगळी भांडी टाकून देतात. मृदू पाण्याच्या गावात अल्कलिनिटी काढायची गरज नसते, पण मॅशमध्ये कॅल्शियम १०० पर्यंत नेणं टाळू नका.

आत्ता हातात असलेल्या बाटल्यांचं काय

तुरटपणा पाण्यामुळे असेल तर तो बाटलीतून काढता येत नाही. काही महिन्यांत टॅनिन थोडं खाली बसतं, तेवढीच आशा.

गॅस जास्त असेल तर बिअर वाचते. बाटल्या रात्रभर फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. जाड हातमोजे आणि चष्मा घाला, बाटलीवर टॉवेल टाका आणि ओपनरने झाकण किंचित उचला. फुस्स आवाज थांबून फेस मानेपर्यंत चढू लागला की झाकण परत दाबा. तासाभराने पुन्हा तेच. मग नवं झाकण लावा. हायड्रोमीटर सांगतो आहे की बिअर अजून उतरते आहे, तर हे दर आठवड्याला करावं लागेल, किंवा सगळी बॅच लवकर पिऊन संपवा. पातळ काचेच्या, एकदाच वापरायच्या बाटल्यांत भरली असेल तर त्या आधी झाकण असलेल्या खोक्यात ठेवा आणि मुलांच्या वावरापासून दूर न्या. ३ व्हॉल्यूमच्या पुढे अशी काच फुटू शकते.

बाकीची बॅच पिताना बाटली १२ अंशांवर आणा, बिअर उंचावरून जगमध्ये ओता, फेस बसू द्या आणि मग ग्लासात घ्या. यॉर्कशायरच्या पबमध्ये हातपंपाच्या तोंडाला बसवलेला स्पार्कलर साधारण हेच करतो: थोडा गॅस फेसात काढतो आणि खाली मऊ बिअर ठेवतो.